ऑर्गनच्या पेडलबोर्डची ॲक्शन जुळवताना आधी काय आणि मग काय

ऑर्गनच्या पेडलबोर्डातलं, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांच्या रांगेतलं, एखादं पेडल नीट वाजेना झालं की बहुतेकजण पहिल्यांदा मॅग्नेट नाहीतर स्विच सरकवून बघतात, नोट वाजायला लागते, सगळे खूश, आणि काही रविवार गेले की तेच पेडल परत त्रास देतं. कारण बिघाड स्विचमध्ये नव्हताच. वरचं फेल्ट (वर येणारं पेडल ज्याला टेकतं ते लोकरीचं जाड कापड) दबून पेडल दोन-तीन मिलिमीटर वर चढलेलं होतं आणि आपण त्या चढलेल्या पेडलच्या मापाने स्विच लावून ठेवला. पुढे कुणी नवीन फेल्ट टाकलं की पेडल मूळ जागी खाली येतं, मॅग्नेट स्विचच्या जवळ जातो आणि आता नोट थांबायचं नावच घेत नाही.

म्हणून क्रम पाळा. आधी सफाई, मग गाईड (पेडल सरळ वरखाली ठेवणारी फट किंवा खुंट्या), मग फेल्ट, मग स्प्रिंग, मग उंची आणि खोली, आणि सगळ्यात शेवटी मॅग्नेट आणि वायरी. मधली एखादी पायरी "ती ठीकच आहे" म्हणून सोडली तरी चालेल, पण बघून सोडा, न बघता नाही.

इथे मी चर्चमधले किंवा घरी सरावाला ठेवलेले इलेक्ट्रॉनिक ऑर्गन धरलेत, लाकडी पेडलं, २५, ३० किंवा ३२ नोटांची, मॅग्नेट आणि रीड स्विचवर (मॅग्नेट जवळ आला की लागणारा स्विच) चालणारी. १३ पेडलच्या छोट्या मिडी बोर्डासाठी (मिडी म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर जोडायची पद्धत) शेवटी वेगळं लिहिलंय. पेडलच्या दोन टोकांना मी टाचेकडचं टोक आणि बोटांकडचं टोक म्हणणार आहे. बहुतेक लाकडी बोर्डात पेडल टाचेकडे टेकलेलं असतं आणि बोटांकडचं टोक वरखाली होतं, मॅग्नेटही त्याच टोकाला असतो.

## काम कधी काढायचं

पावसाळ्यात नाही. वसई, मुंबई, कोकण, गोवा, सगळीकडे जुलैमध्ये लाकूड फुगलेलं असतं, पेडलं गाईडमध्ये घासतात, आणि लोक पॉलिश पेपर घेऊन बसतात. मग मार्चमध्ये तेच पेडल इतकं सैल होतं की बाजूच्या पेडलला लागतं, आणि घासून काढलेलं लाकूड काही परत येत नाही. ऑक्टोबरचं ऊन पडून हवा कोरडी झाली की पंधरा-वीस दिवस जाऊ द्या आणि मग काम काढा. म्हणजे नाताळच्या सरावाच्या आधी सगळं आटपतं आणि वाजवून बघायलाही वेळ मिळतो. पावसाळ्यात एखादं पेडल अगदीच अडकलं तर तेवढ्यापुरती सफाई करा, कापाकापी काही नको.

## उघडायच्या आधी: नेमकं काय बिघडलंय

एक कागद घ्या, सगळ्या पेडलांचे नंबर एकाखाली एक लिहा आणि ऑर्गन चालू करून एकेक पेडल दाबत जा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहायच्या: नोट वाजली का, थांबली का, पेडल झटकन वर आलं का, लाकडाचा आवाज आला का. हा कागद पुढे प्रत्येक पायरीला लागतो, त्यामुळे आळस करू नका.

कागद भरला की बरंच काही आपोआप कळतं:

- सगळीच पेडलं एकदम बंद: आधी बोर्डाची जागा बघा. बऱ्याच ऑर्गनमध्ये पेडलबोर्ड आणि कन्सोल (हाताचे कीबोर्ड असलेला ऑर्गनचा मुख्य भाग) यांच्यात वायरच नसते, मॅग्नेट पेडलवर आणि स्विच कन्सोलच्या आत. फरशी पुसताना कुणी बोर्ड बोटभर मागे ओढला तरी बेस गायब. बोर्ड आत ढकलून बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.
- सलग सात-आठ नोटा बंद, बाकीच्या चालू: मॅट्रिक्सची (स्विच ज्या वायरींच्या जाळीत जोडलेले असतात तिची) एक लाईन किंवा केबलचं कनेक्टर. इतके स्विच एका दिवशी मरत नाहीत.
- एकच नोट बंद: तो स्विच, त्याचा मॅग्नेट, सोल्डर किंवा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग).
- पेडल अर्धवट वर येतं: स्प्रिंग, गाईड किंवा खाली अडकलेला कचरा.
- पेडल पूर्ण वर येतं तरी नोट चालूच: मॅग्नेट फार जवळ आलाय किंवा स्विच चिकटलाय.
- नोट बरोबर वाजते पण टकटक होते: फेल्ट गेलं.
- एका दाबात नोट दोनदा: याचं कारण पायरी ६ मध्ये आहे, तोपर्यंत हात लावू नका.

## तयारी

मोठा लांब स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, नोज प्लायर, बारीक ब्रश, नळीवाला व्हॅक्युम क्लीनर, स्टीलची पट्टी, मल्टिमीटर, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती कापड, पेन्सिल, मास्किंग टेप. फेल्ट आधीच आणून ठेवा, आणि ते शाळेच्या क्राफ्टवालं नको, ते सिंथेटिक असतं आणि थोड्याच दिवसात चपटं होतं. लोकरीचं दाट फेल्ट लागतं. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे चौकशी करा, त्यांना पट्ट्यांखाली असला माल लागतोच आणि जाडीबद्दल ते चांगला सल्लाही देतात.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि दोन-तीन किलो तांदूळसुद्धा लागतील, कशाला ते स्प्रिंगच्या पायरीत सांगतो.

घरी आणायच्या नाहीत अशा गोष्टी पण सांगून ठेवतो. डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे. तेल लाकडात आणि फेल्टमध्ये मुरतं, धूळ धरतं आणि त्याची चिकट पेस्ट होते. सिलिकॉन एकदा लाकडावर बसलं की नंतर तिथे ना सरस धरतो ना पॉलिश.

## पायरी १: बोर्ड बाहेर काढणं

1. मेन स्विच बंद, आणि प्लग भिंतीतून काढलेला. नुसतं ऑर्गनचं बटण बंद करून चालत नाही, आत २३० व्होल्ट असतात.
2. आधी बेंच बाजूला घ्या, नाहीतर बोर्ड काढताना तोच पायात येतो.
3. बोर्ड हलवायच्या आधी त्याच्या कोपऱ्यांना लागून फरशीवर मास्किंग टेप लावा. परत ठेवताना हीच खूण कामाला येते.
4. वायर असेल तर कनेक्टरचे फोटो काढा, दोन बाजूंनी, आणि लॉक दाबूनच काढा. वायरला धरून ओढलं की आतली पिन निसटते आणि वरून काहीच दिसत नाही.
5. ३२ पेडलचा बोर्ड एकट्याने उचलू नका. दोघांनी, फ्रेमला धरून. पेडलांना धरून उचललं की टाचेकडच्या पट्टी स्प्रिंगवर सगळं वजन येतं.
6. प्रत्येक पेडलच्या खालच्या बाजूला पेन्सिलने नंबर टाका, त्याच्या स्प्रिंगलाही टेपवर तोच नंबर. सगळी पेडलं सारखीच दिसतात पण बोर्ड कमानदार आणि पसरत जाणारा असेल तर लांबी आणि कोन वेगळे असतात, आपापसात बदलली तर नीट बसत नाहीत.

थांबा आणि बघा: कन्सोलच्या आतली स्विचची पट्टी आता समोर दिसत असेल. तिला आत्ता हात लावायचा नाही, स्क्रूसुद्धा घट्ट करायचा नाही.

## पायरी २: सफाई

व्हॅक्युमचा ब्रश लावून आधी वरून मग खालून. ब्रश जोरात आपटू नका, मॅग्नेट गोंदावर बसवलेले असतात आणि सुटून नळीत जातात. खाली काय काय सापडतं ते बघून घ्या, मेणबत्तीचे ओघळ, नाणी, पेन्सिलचे तुकडे, हेअरपिन. यातली हेअरपिन जास्त त्रासाची, कारण ती मॅग्नेटला जाऊन चिकटते आणि मग त्या पेडलचा स्विच भलत्याच जागी लागतो. एकेका मॅग्नेटवरून बोट फिरवून बघा. लोखंडाचा बारीक कीस असेल तर कापडाने निघत नाही, मास्किंग टेप उलटी दाबून उचला, टेपला चिकटून येतो.

मेण नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून काढा, चाकू नको. लाकूड पुसायला कापड ओलं नाही, नुसतं दमट, आणि लगेच दुसरं कोरडं कापड.

उंदराची घाण दिसली तर हातमोजे आणि मास्क घाला आणि केबल पूर्ण लांबीभर हातातून सरकवत तपासा. उंदराचं मूत्र तांब्याला आणि सोल्डरला खातं, वरून वायर छान दिसते आणि आत हिरवी पडलेली असते.

## पायरी ३: गाईड आणि बाजूची हालचाल

बोटांकडच्या टोकाला पेडल दोन खुंट्यांच्या किंवा एका फटीच्या मधून वरखाली होतं, तेच गाईड. तिथे कापड, चामडं किंवा प्लास्टिकचं अस्तर असतं. तपासायला पेडलचं टोक दोन बोटांत धरून बाजूला हलवा. साधारण एक मिलिमीटर सैलपणा बरा. अजिबात हलत नसेल तर पावसाळ्यात अडकणार हे नक्की, आणि शेजारच्याला टेकेपर्यंत हलत असेल तर अस्तर झिजलंय.

घासत असेल तर आधी कुठे घासतंय ते शोधा. गाईडजवळच्या लाकडाच्या कडेला पेन्सिल फिरवा, पेडल वीस-तीस वेळा दाबा, जिथली पेन्सिल पुसली तिथे घासतंय. तेवढ्याच जागेवर पांढरी मेणबत्ती चोळा आणि परत बघा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर २४० नंबरचा पॉलिश पेपर, दोन हात मारायचे आणि तपासायचं, परत दोन हात. खुंटी वाकवून जागा करू नका, ती आतून सैल होते आणि मग कधीच सरळ राहत नाही.

मेण फक्त लाकडावर. कापडी किंवा चामड्याच्या अस्तरावर टेफ्लॉनची कोरडी पावडर चिमूटभर चालते. ग्रॅफाईट पावडर मात्र इथे नको, ती वीज वाहून नेते, आणि खाली सर्किट असलं की त्यावर पडून नवीनच भानगड उभी राहते.

## पायरी ४: फेल्ट

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त लोक हीच पायरी उडवतात. दोन फेल्ट असतात. वरचं फेल्ट पेडल वर येऊन ज्याला टेकतं ते, त्याच्या जाडीने पेडल किती उंच थांबायचं ते ठरतं. खालचं फेल्ट पेडल दाबल्यावर ज्याच्यावर बसतं ते, त्याने खोली ठरते. वरचं जाड केलं की पेडल खाली थांबतं, खालचं जाड केलं की खोली कमी होते. हे डोक्यात पक्कं ठेवा कारण पुढचं सगळं माप याच्यावर आहे.

जुनं फेल्ट अजून किती चांगलं आहे ते बघायला बोर्डाच्या अगदी वरच्या सुरांकडची पेडलं बघा, ती फार कमी वाजतात, तिथलं फेल्ट जवळपास मूळ जाडीचं असतं. तिथली जाडी मोजा, तेवढ्याच जाडीचं नवीन घ्या. मधली सगळ्यात जास्त वाजणारी पेडलं जिथे बसतात तिथे खड्डे दिसतील. खड्डे पडले असतील तर पूर्ण पट्टी बदला. नुसत्या खड्ड्यात तुकडे भरले तर प्रत्येक पेडल वेगळ्या उंचीवर थांबतं आणि पाय लगेच ओळखतो.

जुनं फेल्ट सरसाने लावलेलं असेल तर कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं कापड वर ठेवा, थोड्या वेळाने सोलून निघतं. नवीन लावताना सरसच उत्तम, कारण पुढच्या माणसाला तो काढता येतो. फेव्हिकॉल वापरायचाच असेल तर फक्त लाकडावर, पातळ, आणि दोन मिनिटं थांबून मग फेल्ट ठेवा. जास्त लावला की फेल्ट तो पिऊन घेतं आणि वाळल्यावर दगडासारखं कडक होतं, म्हणजे टकटक घालवायला फेल्ट लावलं आणि टकटक तशीच राहिली. दाबून धरायला वर लाकडी पट्टी आणि थोडं वजन ठेवा, क्लॅम्प कचकचून आवळू नका.

तपासणी: रात्रभर वाळू द्या. मग प्रत्येक पेडल दाबून एकदम सोडा. खाली जातानाचा आणि वर येतानाचा असे दोन आवाज वेगवेगळे ऐका, दोन्ही बोदे आले पाहिजेत. वर येताना कडक आवाज असेल तर वरचं फेल्ट, खाली जाताना असेल तर खालचं.

## पायरी ५: स्प्रिंग

दोन प्रकार दिसतात. टाचेकडे चपटी पोलादी पट्टी, जी स्प्रिंग पण असते आणि बिजागरी पण. किंवा बोटांकडे गुंडाळी स्प्रिंग.

आधी मोजमाप. एका रिकाम्या डब्यात तांदूळ घ्या, डबा पेडलवर एका ठरलेल्या जागी ठेवा, टोकापासून समजा दहा सेंटीमीटरवर, तिथे सगळ्या पेडलांना पेन्सिलची रेघ मारून घ्या. आता पेडल हळूच खाली जाऊन टेकेपर्यंत तांदूळ टाकत जा, मग डबा काट्यावर ठेवा आणि वजन लिहा. पाणी नको, सांडलं तर फेल्ट आणि स्विच दोन्ही जातात. काळ्या पेडलांची रेघ वेगळी घ्या आणि त्यांची तुलना काळ्यांशीच करा, पांढऱ्यांशी नाही, कारण वजन ठेवायची जागा बदलली की आकडा बदलतो. २५ च्या बोर्डात १५ पांढरी १० काळी, ३० च्यात १८ आणि १२, ३२ च्यात १९ आणि १३, म्हणजे दोन वेगळे रकाने करा.

कंपनीने आकडा दिलेला असेल तर तो धरा. नसेल तर आपल्या बोर्डावरच्या सगळ्या आकड्यांतला मधला घ्या आणि बाकीची पेडलं त्याच्या दहा टक्क्यांच्या आत आणा. सगळी एकसारखी असणं महत्त्वाचं, कडक की मऊ हे नंतर. वाजवणाऱ्याच्या पायाला पाव किलोचा फरक एका पेडलवरून दुसऱ्यावर जाताना कळतो आणि मग तो नकळत त्या सुराला जोर लावायला लागतो, ताल तिथेच बिघडतो.

चपट्या पट्टीत: आधी बोल्ट घट्ट आहे का बघा, बहुतेक वेळा तोच ढिला असतो. घट्ट करूनही पेडल मऊ असेल तर पट्टीच्या बुडाशी पातळ पुठ्ठ्याची किंवा पितळी पत्र्याची चकती घालून ताण वाढवता येतो, एका वेळी एकच चकती. बोल्टच्या भोकाजवळ बारीक चीर दिसते का ते टॉर्च लावून बघा. चीर असेल तर ती पट्टी संपली, कधीही तुटेल. आणि पट्टी पकडीने वाकवून ताण वाढवायचा हा प्रकार कृपा करून करू नका, वाकवलेल्या जागीच ती पुढे तुटते.

गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये: ओढून लांब करू नका, ती सैल होते, कडक नाही. आकडा अडकवायला दोन-तीन भोकं दिलेली असतील तर पुढच्या भोकात घाला. नवीन स्प्रिंग मिळत नसेल तर बोर्डाच्या टोकाच्या कमी वाजणाऱ्या पेडलांच्या ताज्या स्प्रिंगा मधल्या पेडलांना आणि मधल्या थकलेल्या टोकाला, हा जुना आणि चांगला उपाय आहे. अदलाबदल करताना लांबी आणि तारेची जाडी सारखी आहे ना ते बघा, आणि स्प्रिंग काढताना चष्मा घाला, आकडा सुटला तर सरळ तोंडावर येतो.

तपासणी: पेडल पूर्ण दाबून पाय बाजूला सरकवून सोडा. एका झटक्यात वर जाऊन थांबलं पाहिजे, वर जाऊन उडी मारून परत खाली आलं तर ताण जास्त झालाय किंवा वरचं फेल्ट कडक आहे.

### उंची आणि खोली, याच टप्प्यात

स्प्रिंग झाल्या की मगच उंची बघायची. सपाट बोर्ड असेल तर पांढऱ्या पेडलांवर लांब सरळ पट्टी आडवी ठेवा, कुठल्या पेडलखाली फट दिसते ते लिहा. कमानदार बोर्डाला सरळ पट्टी चालत नाही, तिथे फ्रेमच्या आडव्या दांडीपासून प्रत्येक पेडलचं अंतर मोजा आणि डावीकडची उजवीकडच्या जोडीदाराशी ताडून बघा. अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक सोडून द्या.

खोली बोटांकडच्या टोकाला मोजा, वर असताना आणि पूर्ण दाबल्यावर. बहुतेक बोर्डांवर ती सव्वा सेंटीमीटरच्या आसपास असते. एखाद्याच पेडलची कमी-जास्त असेल तर त्याच्या फेल्टखाली कागदाची पट्टी घालून जुळवा, फेल्टच्या वर नाही.

## पायरी ६: मॅग्नेट आणि स्विच

आता लाकूडकाम पक्कं झालं, आता स्विचकडे या. रीड स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या, मॅग्नेट जवळ आला की चिकटतात, लांब गेला की सुटतात. यातली गोम अशी की चिकटायला मॅग्नेट जितका जवळ यावा लागतो त्यापेक्षा सुटायला तो जास्त लांब जावा लागतो. म्हणजे नोट "लागते" ती जागा आणि "थांबते" ती जागा वेगळी असते आणि दोन्ही तपासाव्या लागतात. लोक फक्त लागते का एवढंच बघतात.

तपासायला जाड पुठ्ठ्याचे नाहीतर प्लायचे दोन तुकडे करा. खोली १२ मिलिमीटर असेल तर एक तुकडा ८ मिलिमीटर जाड आणि एक ४ मिलिमीटर. बोर्ड टेपच्या खुणेवर परत ठेवा, केबल असेल तर लावा, पॉवर चालू करा. मग:

1. ८ चा तुकडा खालच्या फेल्टवर ठेवा आणि पेडल दाबा. ते फक्त ४ मिलिमीटर जाईल. नोट वाजता कामा नये.
2. ४ चा तुकडा ठेवा आणि दाबा. पेडल ८ मिलिमीटर जाईल. नोट वाजलीच पाहिजे.
3. आता तुकडा काढून पेडल पूर्ण दाबा आणि हळूहळू सोडा. पेडल वर टेकायच्या आधीच नोट थांबली पाहिजे.

पहिलीत वाजली तर मॅग्नेट थोडा लांब करा, दुसरीत नाही वाजली तर जवळ आणा. एका वेळी अर्धा मिलिमीटर, जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी तिन्ही तपासण्या परत. आधी एकच पेडल जुळवून बघा आणि मग बघा की बाकीच्यांचं पण तेवढंच चुकलंय का. सगळ्यांचं एकसारखं चुकलं असेल तर एकेक मॅग्नेट हलवायची गरज नाही, पूर्ण स्विचची पट्टी किंवा बोर्डच सरकवायचा आहे. हे न बघता बत्तीस मॅग्नेट हलवून बसलेली माणसं आहेत, आणि ते परत आणणं फार जिकिरीचं होतं.

एका दाबात नोट दोनदा वाजते ती पण इथेच सापडते. मॅग्नेट स्विचसमोरून सरकत जात असेल आणि त्याची एक बाजू सरळ स्विचच्या बरोबर मध्यावर आली तर मधोमध एक अशी जागा येते जिथे पात्या सुटतात, आणि पुढे गेल्यावर परत चिकटतात. म्हणजे लागली, सुटली, लागली. पेडल फार खोल जात असेल किंवा मॅग्नेट उलटसुलट बसवला असेल तर असं होतं. म्हणूनच म्हटलं होतं की आधी हात लावू नका, खालचं फेल्ट बदललं की निम्म्या वेळा हे आपोआप जातं.

मॅग्नेट सुटला असेल तर त्याची कुठली बाजू वर होती ते शेजारच्या पेडलवरून ताडून बघा आणि तशीच बसवा. बाजारातला छोटा निओडिमियम मॅग्नेट ताकदवान आहे म्हणून लावू नका, त्याने शेजारच्या नोटेचा स्विच पण लागतो. मूळ प्रकारचाच हवा.

स्विच बदलायचा असेल तर त्याची तार काचेच्या अगदी बुडाशी वाकवू नका. नोज प्लायरने काचेपासून तीन-चार मिलिमीटरवर तार घट्ट धरा आणि पलीकडून वाकवा, नाहीतर काचेला न दिसणारी चीर जाते आणि स्विच काही दिवसात मरतो. सोल्डर करताना पण प्लायर तसाच धरून ठेवा, उष्णता काचेपर्यंत जात नाही.

स्विच चांगला आणि तरी नोट मुकी, तर डायोड बघा. मॅट्रिक्समध्ये बहुतेक ठिकाणी वन एन ४१४८ असतो, पॉवर बंद करून, केबल काढून, मल्टिमीटरच्या डायोड मोडवर एका दिशेने साधारण ०.६ ते ०.७ आणि उलट्या दिशेने काही नाही असं यायला हवं. दोन्हीकडे शून्याच्या जवळ आलं तर तो शॉर्ट आहे, आणि दोन-तीन पेडलं एकत्र दाबल्यावर न दाबलेली नोट वाजायची तक्रार असेल तर हाच गुन्हेगार.

## पायरी ७: मिडीवर तपासणी

ऑर्गनला मिडी आउट असेल तर लॅपटॉप लावा, विंडोजवर मिडी-ऑक्स सारखा प्रोग्रॅम उघडा. कानापेक्षा इथे जास्त कळतं, कारण खालचे सूर हळू उठतात आणि बारीक डबल नोट कानाला कळत नाही.

सगळ्यात खालचा सी साधारणपणे ३६ नंबरवर येतो, तिथून २५ चा बोर्ड ६० पर्यंत, ३० चा ६५ पर्यंत, ३२ चा ६७ पर्यंत. पूर्ण बोर्ड १२ ने वर किंवा खाली दिसला तर तो बिघाड नाही, ऑक्टेव्हची सेटिंग आहे. प्रत्येक पेडल दाबल्यावर एक नोट ऑन आणि सोडल्यावर एक ऑफ. काही बोर्ड ऑफच्या जागी व्हेलॉसिटी शून्य असलेली नोट ऑन पाठवतात, ते पण बरोबरच आहे, त्याला डबल नोट समजून स्विच उपटू नका.

## १३ पेडलचे छोटे मिडी बोर्ड

यांच्यात बऱ्याचदा रीड स्विचऐवजी कार्बनचे रबर कॉन्टॅक्ट असतात, कीबोर्डात असतात तसेच. क्रम तोच, फक्त शेवटची पायरी वेगळी. रबराची पट्टी सावकाश उचला, कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून सर्किटवरच्या काळ्या ठिपक्यांवरून हलकेच फिरवा, रबराच्या काळ्या गोळीवर नुसती कोरडी काडी. घासू नका, कार्बन निघून जातो. पूर्ण वाळल्यावर पट्टी बसवताना तिचे सगळे दांडे भोकात शिरलेत ना ते बघा, एक जरी वर राहिला तर शेजारच्या दोन नोटा कडक लागतात. प्लास्टिकच्या पेडलांना सांध्यावर मेण चालत नाही, टेफ्लॉनची पावडर चालते. स्टेजवर वापरत असाल तर खालचे रबरी पाय पण तपासा, बोर्ड सरकायला लागला की वाजवणारा जोर लावतो आणि मग फेल्ट लवकर जातं.

## वाजवून बघणं

बूट घालून, नेहमीच्या बेंचवर नेहमीच्या उंचीवर बसून. खालपासून वरपर्यंत सगळ्या नोटा क्रमाने, अगदी सावकाश, मग उलट. मग एकाच पेडलवर जलद आठ-दहा वेळा, एकही ठोका गळता कामा नये. मग एक पेडल दाबून धरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची वाजवा, धरलेली नोट तुटायला नको. मग टाच आणि बोटं आळीपाळीने, कारण टाचेने दाबताना पेडलचा तोल वेगळा पडतो, बोटांनी बरोबर वाजणारं पेडल टाचेने कधी कधी अर्धवटच जातं. जे पेडल चुकेल त्याच्यासाठी परत पायरी ३ पासून बघत या, थेट मॅग्नेटवर उडी नको.

## वर्षभर काय बघायचं

पेडलसाठी वेगळे बूट ठेवा, बेंचखालीच, चामड्याच्या पातळ तळव्याचे. बाहेरच्या बुटांतली वाळू गाईडचं अस्तर जितक्या लवकर खाते तितकं दुसरं काही खात नाही, समुद्राकाठच्या गावांत तर फारच. महिन्यातून एकदा वरून व्हॅक्युम. पावसाळ्याच्या आधी कन्सोलमध्ये सिलिका जेलची मोठी पाकिटं ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की सुकवून परत ठेवा. फरशी पुसणाऱ्यांना टेपची खूण दाखवून ठेवा आणि सांगा की बोर्ड हलवायचा नाही, हलवला तर खुणेवर परत ठेवायचा.

आणि तो पहिल्या दिवशीचा कागद, त्याच्यावर आता नवीन वजनं, खोली आणि फेल्टची जाडी लिहा, तारीख टाका, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि कन्सोलच्या मागच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या ऑक्टोबरला फक्त जी पेडलं त्या आकड्यांपासून सरकली असतील तेवढीच उघडावी लागतील.